दिवसाआडची गोळी

त्या वर्षी चोपड्यात ऊन असं पडलं होतं की केळी झाडावरच पिकत, सोलली जात आणि शिकरण होऊन खाली टपकत. दूध तेवढं घरून न्यायचं. हे मोहनलालजींचं म्हणणं. त्यांच्या कुठल्याही म्हणण्यातून बारा आणे वजा करायचे असा चोपड्याच्या बाजाराचा रिवाज होता, पण वजा करूनही जे ऊन उरत होतं ते माणसाला पुरून उरेल एवढं होतं. त्या उन्हात, अक्षय तृतीयेला तीन दिवस राहिले असताना, गुलाबबाई नवऱ्याबरोबर गाडीतून जळगावला तपासणीसाठी निघाल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत दवाखान्याची फाइल, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली आणि एक पितळी डबा. रस्त्यात खड्डा आला की डबा खुळखुळायचा, आणि त्या रस्त्यावर खड्डा नसेल अशी जागा शोधावी लागायची.

"काय वाजतंय ते?" मोहनलालजींनी विचारलं. गाडी तेच चालवत होते. बोलायचं म्हटलं की दोन्ही हात चाकावरून उचलायची त्यांना खोड होती.

"साखरफुटाणे."

"आज तुझा उपवास, मला शुगर. कुणासाठी?"

"पारण्याला येणाऱ्या पोरासोरांसाठी. हात ठेवा चाकावर."

"दोन दे इकडे."

"शुगर आहे ना?"

"दोन फुटाण्यांनी काय होतंय? धुळ्याचे आपले काकासाहेब, नव्वदाव्या वर्षी शुगर पाचशे, आणि रोज पावशेर जिलबी. डॉक्टर जिलबी सोडवायला आला आणि स्वतःच..."

गोष्ट तापीच्या पुलापर्यंत चालली. पूल ओलांडेस्तोवर त्या डॉक्टरने दवाखाना बंद करून काकासाहेबांच्या अंगणात हलवायाची भट्टी लावली होती. गुलाबबाईंनी हूं हूं म्हणत डब्यावर पदर गुंडाळला आणि वरून हात दाबून धरला. डब्यात दोनशेच्या आसपास गोळ्या होत्या.

मोहनलालजींचं चोपड्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले ते डोक्यावर एकशे आठ हंडे एकावर एक रचून, आणि सातपुडा उतरताना सगळ्यात वरच्या हंड्यातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही, असा त्या दुकानाचा इतिहास होता. आता दुकान मुलगा रोनक बघायचा. मोहनलालजींच्या वाट्याला गल्ल्याशेजारची खुर्ची आणि गोष्टी राहिल्या होत्या. गिऱ्हाईक कढई घ्यायला यायचं आणि गोष्ट घेऊन जायचं. कधी कधी तर कढई विसरून.

अशा माणसाच्या घरात तीन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली. तिला वरून तिखटमीठ लावायची काही गरज नव्हती, आणि नेमकी तीच त्यांना कुणाला सांगता येईना. गुलाबबाईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. जळगावला ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, मशीनखालचा शेक झाला. केस गेले, भुवया गेल्या. घरात त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. 'ते आजारपण' म्हणायचे, तेही आवाज उतरवून.

केस परत यायला लागले तेव्हा डॉक्टर कामिनी मॅडमनी एक गोळी लिहून दिली. पिवळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. रोज एक, पाच वर्षं.

"तुमची गाठ अंगातल्या हॉर्मोनवर पोसलेली होती," मॅडम म्हणाल्या होत्या. "ही गोळी तो खुराक बंद ठेवते. म्हणून रोज घ्यायची. बरं वाटतंय, आता कशाला, असं नाही."

मोहनलालजींनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता गोळीचं बारसं करून टाकलं: शक्तीची गोळी. शक्तीच्या गोळीने गुलाबबाईंच्या अंगातली होती ती शक्ती काढून घेतली. सकाळी बोटं मिटत नसत. जिना उतरताना गुडघे असे करकरत की खालच्या मजल्यावर रोनकला वाटे, कुणी शटर उघडतंय. आणि दिवसातून सहा-सात वेळा बेंबीपासून एक झाळ उठे, छातीवरून गळ्यावर, गळ्यावरून तोंडावर. तोंड लालबुंद होई, घामाने ब्लाउज भिजे, आणि पाच मिनिटांत सगळं ओसरून त्या थंडीने कुडकुडत बसत.

मागच्या चैत्रात गुलाबबाईंनी वर्षीतप धरलं. एक दिवस उपवास, आणि उपवास म्हणजे सूर्य वर असेपर्यंत उकळलेलं पाणी तेवढं, सूर्य गेला की तेही नाही. दुसऱ्या दिवशी जेवण. तिसऱ्या दिवशी पुन्हा उपवास. असं तेरा महिने, आणि शेवटी अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. सलाइनची सुई टोचलेल्या हाताकडे बघत पडल्या असताना त्या मनाशी बोलल्या होत्या, यातून उठले तर वर्षीतप करीन.

जैन स्थानकात तपाचं पच्चक्खाण, म्हणजे संकल्प, घ्यायला गेल्या त्या सकाळी महासतीजींनी, तिथल्या साध्वींनी, व्रत देण्याआधी विचारलं, "बाई, मोठं आजारपण होऊन गेलंय तुमचं. औषध काही चालू आहे का?"

गुलाबबाई तोंड उघडणार तोच पुरुषांच्या बाजूने मोहनलालजी बोलले, "औषध कधीच संपलं, महाराजसाहेब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा पेशंट मी जन्मात पाहिला नाही. याच मला काहीतरी औषध देतील अशी भीती वाटते म्हणाल्या."

सगळं स्थानक हसलं, महासतीजीही हसल्या. मोहनलालजी तसे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी औषध म्हणजे ती लाल सलाइन, जी चढताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत. गोळी ती काय, शक्तीची. गुलाबबाईंना म्हणता आलं असतं, एक गोळी आहे. पच्चक्खाणात चार सवलती आधीच ठेवलेल्या असतात, त्यांतली एक आजाऱ्याच्या औषधाची. चाळीस वर्षं त्या ते ऐकत आल्या होत्या. पण भरल्या स्थानकात नवऱ्याचं बोलणं खोडायचं, आणि शंभर बायांसमोर पुन्हा आजारी व्हायचं. त्या बायांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच कीव नव्हती. गुलाबबाईंनी हात जोडले आणि गप्प राहिल्या.

मग मनाची समजूतही त्यांनी घातली. जेवणाच्या दिवशी गोळी घ्यायची, उपवासाच्या दिवशी नाही. पाच वर्षांच्या गोळ्या दहा वर्षं जातील, गोळ्या तर तेवढ्याच पोटात पडतील. डझनभर वाट्यांतल्या सहा आज आल्या नि सहा उद्या, तरी डझन भरतोच. भांडेवाल्याच्या घरात जन्म काढलेल्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही.

सून जिनल धुळ्याची, लक्ष ठेवणारी. तिने पहिल्याच उपवासाला विचारलं, "मम्मीजी, गोळीचं काय?"

"महासतीजींनी सूट दिली आहे," गुलाबबाई म्हणाल्या.

मग जिनल रोज सकाळी पाण्याच्या भांड्याशेजारी वाटीत गोळी काढून ठेवी. गुलाबबाई ती हातात घेत, नवकार म्हणायला भिंतीकडे वळत, आणि उपवासाच्या दिवशी गोळी तोंडाऐवजी डब्यात जाई. तो फिरकीच्या झाकणाचा डबा दुकानात तीस वर्षं खपला नव्हता. झाकणावर मोर होता आणि तो मोर फार कोंबड्यासारखा दिसे. गोळ्या टाकून देववत नव्हत्या. कुठे टाकणार, आणि काय म्हणून टाकणार. आता पारण्याच्या पाहुण्यांसाठी जिनलने घरातला डबा न् डबा घासायला काढला होता, म्हणून तो आज जळगावला येत होता.

खरं सांगायचं तर गुलाबबाईंचं ते वर्ष बरं गेलं. एक दिवस त्या पेशंट असत आणि एक दिवस तपस्वी. पेशंटच्या दिवशी अंग डॉक्टरांचं. तपाच्या दिवशी अंग त्यांचं स्वतःचं, भूकसुद्धा त्यांची स्वतःची. लोक दर्शनाला येऊ लागले. अशात झाळ उठली, तोंड लाल झालं, कपाळावर घाम चमकला की मोहनलालजी पाहुण्यांना कोपराने ढोसत. "बघा. तपाचं तेज. काल थर्मामीटर लावला तर पारा वरून बाहेर पडून पंख्याला चिकटला." बाया पाया पडत. गुलाबबाई पदराने वारा घेत आणि खाली बघत.

गोष्टीला पाय फुटले. चोपड्यातून निघाली तेव्हा ती एक बाई दिवसाआड उपवास करते एवढीच होती. भडगावला पोहोचेपर्यंत तिने अन्न सोडलं होतं. धुळ्यात तिने डॉक्टरांना हात जोडून परत पाठवलं होतं. पुढे ती शिंदखेड्याला पोहोचली. तिथे प्रमिलाबाई होती.

प्रमिलाबाई गुलाबबाईंची दवाखान्याच्या बाकावरची मैत्रीण. शिंदखेडा तालुक्यातली, कोरडवाहू कापसाची शेती, वय पंचावन्नच्या पुढे. दोघींना एकाच महिन्यात गाठ निघाली, एकाच खोलीत सलाइन लागली, केस एकाच आठवड्यात गेले. दोघींना गोळीही तीच. सहा महिन्यांनी यायची तारीख दोघी एकच मागून घेत. मागच्या कार्तिकात, याच बाकावर, प्रमिलाबाईने हात पुढे केले होते.

"अक्का, मन्हा बोटं दखा. लाकूड व्हई जातस. कापूस येचता येस नही, भाकर थापता येस नही. या गोयीनी मारी टाकं माले."

गुलाबबाईंना तिची दया आली होती. आणि थोडं मिरवायचंही होतं. सात महिने पोटात धरलेली गोष्ट एका तरी माणसाला सांगायची होती.

"कुणाला बोलू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. "मी एका दिवसाआड घेते. काही झालं नाही. बोटं बघ, मिटतात."

"आनि मॅडमले?"

"रोज घेते म्हणून सांगते. तूही तेच सांग."

आज दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा प्रमिलाबाई आधीच बाकावर होती, भिंतीला टेकून, एक हात मागे कमरेवर. कार्तिकात दिसली होती तिच्यातली निम्मी बाई कुणी काढून नेली असावी. मोहनलालजी चहा बघायला गेले. गुलाबबाई तिच्याजवळ बसल्या.

"कशी आहेस गं?"

"बठ्ठं बरं शे, अक्का. पाठ तेवढी दुखस. होयीपाईन."

"होळीपासून? आणि कुणाला दाखवलं नाहीस?"

"आते आखाजीले पोर येनार शे. दिपमाला. लगननंतरनी पहिली आखाजी. तिन्हा झोका बांधना शे, सांजोऱ्या करना शेतस. दुखनं काय, चालूच ऱ्हास."

खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. एकीचं पारणं आणि दुसरीच्या लेकीचं माहेरपण एकाच दिवशी होतं.

गुलाबबाईंनी विचारू नये असं वाटत असताना विचारलं, "गोळी?"

प्रमिलाबाई हसली. दात तेवढे पूर्वीचे राहिले होते. "तुमनं आयकं ना. आधी एक दिवस आड. मंग हप्ताम्हा दोन. मंग रुपचंद शेठना दुकानवर समजनं, चोपडानी अक्कानी गोयी सोडी दिधी, दहा महिना पानीवर शे, तोंडवर तेज दखा म्हने. मंग मी बी सोडी दिधी. तीन महिना व्हयनात."

रुपचंद शेठ म्हणजे शिंदखेड्याचे बियाणेवाले, मोहनलालजींचे आतेभाऊ. गोष्ट कुठल्या वाटेने गेली ते गुलाबबाईंना आखून दाखवता आलं असतं. त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून पोटाशी धरली. डबा वाजला.

"काय शे वं?" प्रमिलाबाईने विचारलं.

गुलाबबाई काही बोलणार तोवर नर्सने तीन नावं पुकारली. त्या दवाखान्यात तीन-तीन पेशंट एकदमच आत घेत. एक टेबलाजवळच्या स्टुलावर, दोन मागच्या खुर्च्यांवर. तिसरी बाई लघवीला गेली होती, तेव्हा दोघीच आत गेल्या, आणि त्यांच्यामागे चहाचा कागदी कप घेतलेले मोहनलालजी.

मॅडमनी प्रमिलाबाईला आधी घेतलं. पाठीच्या मणक्यावरून अंगठा दाबत दाबत खाली नेला. एका जागी प्रमिलाबाईने ओठ आत घेतला आणि डोळे मिटले. मॅडमनी तिथेच पुन्हा दाबलं. मग खुर्चीत बसून रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला.

"प्रमिलाबाई, गोळी रोज घेता ना?"

प्रमिलाबाईने मान वळवून गुलाबबाईंकडे पाहिलं. एक पळभर.

"रोज लेस," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. "रोज घेऊन हे होत असेल तर अवघड आहे. आज लगेच शेजारी स्कॅन करून घ्या, छातीचा आणि पाठीचा. त्यात काही दिसलं तर ही गोळी तुमच्यावर चालेनाशी झाली असं मला धरावं लागेल. मग ती बंद, आणि परत सलाइन."

"आखाजीले पोर येनार शे," प्रमिलाबाई म्हणाली.

"मॅडम, आखाजीवरून आठवलं," मोहनलालजींनी खिशातून पत्रिका काढून टेबलावर ठेवली. गुलाबी कागद, सोनेरी अक्षरं, वर 'तपस्विनी गुलाबबाई'. "आमच्याकडे पारणं आहे. दोन हजार माणूस. उसाचा रस काढायला नाशिकहून चरक मागवला आहे, त्याला इंजिन आगगाडीचं आहे."

मॅडमनी पत्रिका न वाचता बाजूला सारली. त्या प्रमिलाबाईच्या फाइलमध्ये लिहीत होत्या. गुलाबबाई पेन बघत होत्या. पेन चाललं होतं. त्यांना त्या क्षणी तप आठवलं नाही, धर्म आठवला नाही. त्यांना ती खोली आठवली जिथे दोन पलंगांमध्ये हातभर अंतर होतं, आणि सलाइन चढत असताना ओकारी आली की प्रमिलाबाई स्वतःचं तसराळं त्यांच्यापुढे सरकवायची. ती सलाइन आता पुन्हा तिला लागणार होती, एका खोट्या शब्दावर, आणि तो शब्द तिचा नव्हता.

त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि पत्रिकेवर ठेवला.

"लिहू नका, मॅडम. ती खोटं बोलते आहे. मी शिकवलेलं."

मॅडमनी वर पाहिलं. गुलाबबाईंनी झाकण फिरवलं, मोर उलटा झाला. डबा पाऊण पिवळा होता.

"हे साखरफुटाणे?" मोहनलालजी म्हणाले.

मॅडमनी दोन बोटांनी एक गोळी उचलली, उजेडाकडे धरली, परत टाकली. "कधीपासूनच्या?"

"मागच्या चैत्रापासून. उपवासाच्या दिवसांच्या." आणि मग गुलाबबाईंनी सगळं सांगितलं: स्थानक, वाटी, भिंत, कार्तिकातलं बाकावरचं बोलणं. आवाज न चढवता, भाजीचं काय काय आणलं ते सांगावं तसं. सांगताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. मोहनलालजींच्या हातातल्या कपातला चहा हळूहळू एका बाजूला येऊन त्यांच्या बुटावर सांडत होता, ते त्यांना कळलं नाही.

"प्रमिलाबाई, आता खरं सांगा," मॅडम म्हणाल्या.

"तीन महिनापाईन बंद शे, मॅडम."

मॅडमनी लिहिलेली ओळ खोडली. एकदा नाही, कागद फाटेस्तोवर. "स्कॅन करायचाच आहे. पण गोळी चालत नाही असं आता मी म्हणणार नाही. घेतलीच नाही तर ती चालणार कशी?" मग त्यांनी गुलाबबाईंची फाइल पुढे ओढली.

"माझं काय होईल?" गुलाबबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये आज काही नाही. अर्ध्या गोळ्यांनी किती बिघडलं, बिघडलं की नाही, हे मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. पुढची काही वर्षं तुम्ही दर सहा महिन्यांनी इथे याल आणि दर वेळी तुमच्या मनात हेच येईल."

प्रमिलाबाई एवढा वेळ गुलाबबाईंच्या तोंडाकडे बघत होती. "अक्का," ती म्हणाली, "मंग तोंडवरलं तेज?"

"ती गोळीचीच झाळ होती गं. तुलाही येत होती ती. तुझं तोंड बघायला कुणी आलं नाही, एवढंच."

मॅडमनी खणातून गोळ्यांची नवी पट्टी काढून प्रमिलाबाईपुढे धरली. "आत्ता एक घ्या. माझ्यासमोर. आणि उद्यापासून रोज."

प्रमिलाबाईने हात पुढे केला नाही. दोन वर्षं तिला याच मॅडम हेच सांगत आल्या होत्या. तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "अक्का लेई त मी लेसू," ती म्हणाली.

"आज माझा..." गुलाबबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

आता मोहनलालजींना वाचा फुटली. ते बायकोच्या खुर्चीशी वाकले. त्यांचा आवाज एवढा खाली कधी कुणी ऐकला नव्हता. "गुलाब, तीनच दिवस राहिलेत. पारणं होऊन जाऊ दे. चौथ्या दिवसापासून घे, मी स्वतः देईन. चारशे दिवसांत काही झालं नाही, तीन दिवसांत काय होणार आहे?"

"हेच मी चारशे दिवस म्हणत होते."

"मग सूट घे. आजाऱ्याला सूट असते, तप मोडत नाही. महासतीजींना मी सांगतो. असं सांगतो की..."

"तुम्ही काही सांगू नका." गुलाबबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "सूट पहिल्या दिवशी मागायची असते. मी गोळी लपवून व्रत घेतलं. महासतीजींना मी सांगेन. स्थानकात सांगेन, सगळ्यांसमोर. माझं पारणं नाही आता. पारण्याला मी समोरच्या सतरंजीवर, लोकांत बसेन."

मॅडमनी पट्टी दाबली. दोन गोळ्या निघाल्या. एक त्यांनी गुलाबबाईंच्या तळव्यावर ठेवली, एक प्रमिलाबाईच्या. गुलाबबाईंनी पिशवीतून उकळलेल्या पाण्याची बाटली काढली. गोळी जिभेवर ठेवली तेव्हा ती जिभेला चिकटली. सकाळपासून तोंड कोरडं होतं. त्यांना नवकार म्हणावासा वाटला आणि म्हणवला नाही. त्यांनी घोट घेतला. चारशे दिवस एका घोटात खाली गेले आणि पोटात काहीच वाजलं नाही, हे त्यांना विचित्र वाटलं. मग त्यांनी बाटली प्रमिलाबाईकडे दिली. प्रमिलाबाईने गोळी टाकली, वरून पाणी ओतलं, आणि दाखवायला तोंड उघडून जीभ बाहेर काढली, लहान पोरीसारखी.

डब्यातल्या गोळ्या नर्सने औषधाच्या कचऱ्याच्या पिशवीत ओतून घेतल्या. उन्हाळी पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज आला आणि संपला.

स्कॅन शेजारच्या इमारतीत होता. नर्सने दारातच सांगितलं, अंगावर धातूचं काही नको. प्रमिलाबाईने मंगळसूत्र काढलं, कानातली काढली, नाकातली चमकी काढायला वेळ लागला. जोडवी निघेनात. गुलाबबाई खाली बसल्या आणि बाटलीत राहिलेल्या पाण्याने तिचं बोट ओलं करून, फिरवत फिरवत त्यांनी ती काढली. त्यांची स्वतःची बोटं दुखत होती. सगळं त्यांनी रिकाम्या डब्यात ठेवलं.

"संभाळज्यात, अक्का," प्रमिलाबाई म्हणाली.

"इथेच आहे मी."

दार बंद झालं. दारावरचा लाल दिवा लागला. गुलाबबाई समोरच्या बाकावर बसल्या, डबा मांडीवर. मोहनलालजी एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून बसले. त्यांच्या खिशातला फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्यांनी नाव बघून तो वाजू दिला. चरकवाला असेल, नाहीतर शिंदखेड्याचे रुपचंद.

मग झाळ उठली. बेंबीपासून निघाली, वर चढली, आणि गुलाबबाईंचं तोंड तांब्याच्या हंड्यासारखं लाल झालं. घाम कानामागून ओघळू लागला. बाकाच्या टोकाला एक म्हातारी बसली होती, कुणाची तरी सोबत म्हणून आलेली. ती वाकून बघू लागली.

"काय होतंय हो बाईंना?" तिने मोहनलालजींना विचारलं. "चेहरा कसा झालाय."

मोहनलालजींनी खिशात हात घातला. हाताला पत्रिका लागली. टेबलावरून ती परत केव्हा उचलली ते त्यांनाही आठवत नसावं. ते सरकून गुलाबबाईंजवळ आले आणि त्या पत्रिकेने त्यांना वारा घालू लागले. म्हातारी उत्तराची वाट बघत होती. चाळीस वर्षांत त्यांच्या उत्तराची कुणाला एवढा वेळ वाट बघावी लागली नव्हती.

"गोळीने होतं तिला," ते म्हणाले. "कॅन्सरची गोळी आहे. रोज घ्यावी लागते."

आणि ते पत्रिका हलवत राहिले. गुलाबबाई लाल दिव्याकडे बघत होत्या. मांडीवर डबा होता. त्या थरथरल्या की आतली जोडवी वाजत. त्यांनी तो वाजू दिला.